चाकातली हवा आणि काशीची वाट



काशीयात्रेला निघणारा मनुष्य पूर्वी घरादाराची निरवानिरव करूनच उंबरठा ओलांडीत असे. वाट लांबची, वाहन बैलगाडीचे आणि परतीचा भरवसा देवावर. आज तीच यात्रा पुष्कळ मराठी कुटुंबे स्वतःच्या मोटारीने करतात. पुण्याहून, नाशिकहून किंवा नागपूरहून निघावे, वाटेत मुक्काम करावेत आणि एके दिवशी पहाटे दशाश्वमेध घाटाच्या पायऱ्या उतराव्यात, हा क्रम आता नवलाचा राहिलेला नाही. नागपूरकरांना तर ही वाट विशेष ओळखीची आहे. वाराणसीहून निघून जबलपूर, नागपूर, हैदराबाद, बंगळूर असे करीत कन्याकुमारीला पोचणारा जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७ त्यांच्याच गावातून जात असे. २०१० साली महामार्गांना नवे क्रमांक मिळाले आणि या एका रस्त्याचे तुकडे वेगवेगळ्या क्रमांकांखाली गेले. वाट मात्र तीच राहिली.

अशा प्रवासाला निघण्यापूर्वी शहाणा गृहस्थ गाडी तपासून घेतो. तेल बदलले जाते, ब्रेक पाहिले जातात, आणि शेवटी टायरवाल्याच्या दुकानात एक प्रश्न हमखास समोर येतो : “साधी हवा भरू की नायट्रोजन?” साधी हवा पेट्रोलपंपावर फुकट मिळते. नायट्रोजनला प्रत्येक चाकामागे पैसे पडतात, आणि तो भरल्याची खूण म्हणून व्हॉल्व्हवर बहुधा एक हिरवी टोपी बसविली जाते. दुकानदार सांगतो की याने टायर तापत नाही, हवा उतरत नाही, टायर फुटत नाही. मागच्या आसनावर मुले आणि वृद्ध आईवडील बसणार असतात. अशा वेळी चार पैशांसाठी कोण मागे पाहील? तरीही खर्च लहान असला म्हणून त्याचा विचार करू नये असे थोडेच आहे? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा थोडा शांतपणे विचार करू.

प्रथम हा नायट्रोजन कोण, ते पाहू. आपल्या शालेय पुस्तकांत याला नत्रवायू म्हणत. तो कोठून दुरून आणावा लागत नाही. आपण ज्या हवेत श्वास घेतो तिच्या शंभर भागांपैकी ७८ भाग नत्रवायूच असतो. सुमारे २१ भाग प्राणवायू आणि उरलेला एक भाग इतर वायूंचा. याखेरीज हवेत पाण्याची वाफ असते. ती ऋतुमानाप्रमाणे कमीअधिक होते. म्हणजे जो गृहस्थ आपल्या टायरमध्ये साधी हवा भरतो, तो नकळत तीनचतुर्थांशाहून अधिक नत्रवायूच भरीत असतो. दुकानातील यंत्र एवढेच करते की, बाहेरची हवा दाबून ती अतिसूक्ष्म पोकळ तंतूंतून किंवा प्राणवायू शोषणाऱ्या पदार्थातून नेते, त्यातला प्राणवायू आणि ओलावा बाजूला काढते आणि उरलेला, बराचसा शुद्ध नत्रवायू नळीतून आपल्याला देते. तेव्हा खरा प्रश्न असा : टायरमधला तो पाचवा हिस्सा प्राणवायू काढून टाकल्याने आपला लाभ किती?

पहिला दावा हवा उतरण्यासंबंधीचा आहे, आणि त्यात तथ्य आहे. रबर आपल्याला घट्ट दिसते, परंतु वायूंच्या दृष्टीने ते अगदी बारीक विणीचे कापड समजावे. त्यातून प्राणवायू हा नत्रवायूच्या तीन ते चार पट वेगाने झिरपतो. म्हणून नत्रवायू भरलेल्या टायरचा दाब अधिक काळ टिकतो. पण किती अधिक? अमेरिकेतील ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहकांच्या नियतकालिकाने याची सरळ परीक्षा घेतली आणि २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. ३१ प्रकारच्या टायरांच्या जोड्या घेतल्या. प्रत्येक जोडीतील एकात हवा व दुसऱ्यात नत्रवायू ३० पौंड दाबाने भरला, आणि ते वर्षभर उघड्यावर ठेवले. वर्षाअखेर हवेच्या टायरांचा दाब सरासरी साडेतीन पौंड उतरला होता. नत्रवायूच्या टायरांचा २.२ पौंड. बारा महिन्यांत फरक पडला तो १.३ पौंडांचा. येथे पौंड म्हणजे दर चौरस इंचावरील पौंड, टायरवाल्याच्या मापकावर जे आकडे दिसतात तेच. लाभ आहे हे खरे. परंतु जो महिन्याला एकदा दाब तपासतो, त्याला हा लाभ जाणवणारसुद्धा नाही. शिवाय घरच्या गाडीचा दाब उतरतो तो केवळ रबरातून नव्हे. सैल व्हॉल्व्हमधून, गंजलेल्या रिमच्या कडेतून, बारीक खिळ्याच्या छिद्रातूनही तो जातो, आणि तेथे नत्रवायूही हवेसारखाच निसटतो.

दुसरा दावा असा की नत्रवायू तापल्यावर फुगत नाही. हा दावा मात्र मान्य करता येत नाही. बंद पात्रातला वायू तापला की त्याचा दाब वाढतो, थंड झाला की कमी होतो. हा नियम हवेला आणि नत्रवायूला सारखाच लागू आहे. टायरमधल्या तापमानात दोघांमध्ये मोजण्याजोगा भेद नाही. उन्हाळ्यात पहाटे २५ अंश तापमानात ३३ पौंड दाब भरून गाडी निघाली, आणि दुपारच्या धावेने टायरच्या आतील वायू ६५ अंशांवर गेला, तर मापक ३९ च्या पुढे दाखवील. आत हवा असो, नत्रवायू असो, आकडा तोच.

आता हाच नियम उलट दिशेने लावून पाहा, आणि काशीच्या वाटेवरच लावून पाहा. डिसेंबर-जानेवारीत पुष्कळ मंडळी निघतात. पुण्याला दुपारी ३० अंश तापमान असताना थंड, उभ्या गाडीत ३३ पौंड दाब भरला असे समजा. काशीला पोचल्यावर गोदौलियाच्या परिसरात गाडी सोडावीच लागते. पुढे दशाश्वमेधापर्यंतची वाट गर्दीची आणि पायी चालण्याची आहे. गाडी वाहनतळावर दोन-तीन रात्री उभी राहते. गंगाकाठची थंडी आपल्याला नवखी असते. पहाटेचा पारा ९ अंशांपर्यंत खाली येणे तेथे नित्याचे आहे. आता हिशेब करा : एकवीस अंशांच्या उताराने तोच ३३ चा दाब ३० च्या खाली आलेला असतो. एकही खिळा लागलेला नाही, एक थेंबही हवा गळलेली नाही, आणि तरी तीन पौंडांहून अधिक दाब कमी! वर्षभराच्या परीक्षेत नत्रवायूने जेवढे वाचविले त्याच्या अडीच पट दाब केवळ प्रवासातील थंडीने उतरला, आणि हिरव्या टोपीने त्यात काडीचाही फरक पडला नाही.

आणि त्या सकाळी गाडी रिकामी नसते. येताना होते त्याहून अधिक सामान परतीला भरलेले असते. गंगाजळाचे गडू, पितळेची भांडी, बनारसी लुगड्यांच्या घड्या, शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी घेतलेला प्रसाद, आणि शिवाय पाच माणसे. दाब सर्वांत कमी आणि बोजा सर्वांत अधिक, अशा अवस्थेत गाडी परतीच्या महामार्गाला लागते. या प्रश्नाचे खरे गांभीर्य या एका क्षणात आहे, हे ध्यानात घ्यावे.

तिसरा दावा ओलाव्याचा. यात अर्धे सत्य आहे. दुकानातून मिळणारा नत्रवायू कोरडा असतो. पंपावरच्या हवेत मात्र वाफ असते, आणि पंपाची टाकी वेळोवेळी निथळली नाही तर नळीतून पाण्याचे थेंबही टायरमध्ये जातात. असे पाणी आत साचले की टायर तापल्यावर त्याची वाफ होते आणि दाब आणखी दोन-तीन पौंडांनी वाढू शकतो. लोखंडी रिमला गंज चढतो तो वेगळाच. परंतु यावरचा उपाय नत्रवायू हाच एक नव्हे. कोरडी हवा नत्रवायूसारखीच वागते. ज्या पंपावर यंत्राची निगा चांगली आहे, तेथे हवा भरावी. पावसाळ्यात नळी लावण्यापूर्वी क्षणभर दाबून तळहातावर हवा सोडून पाहावी. हात ओला झाला तर पुढचा पंप गाठावा.

चौथा दावा रबराच्या आयुष्याचा. प्राणवायू रबराला हळूहळू कडक करतो, हे रसायनशास्त्राला धरून आहे. पण टायर केवळ आतून जुना होत नाही. बाहेरून ऊन, धूळ, तापलेला रस्ता आणि भोवतालचा प्राणवायू त्याला अष्टौप्रहर झिजवीत असतात. सामान्य कुटुंबाच्या गाडीत आतला प्राणवायू काढल्याने टायरचे आयुष्य लक्षात येईल इतके वाढेल अशी आशा धरू नये. इंधनाच्या बचतीचेही तसेच. योग्य दाबाने चाक हलके फिरते आणि इंधन वाचते, हे खरे. परंतु तो दाब हवेचा असला तरी बचत तेवढीच होते.

शिवाय ज्याला आपण शुद्ध नत्रवायू म्हणतो तो टायरमध्ये कितपत शुद्ध राहतो? नवा टायर रिमवर चढविताना त्यात भोवतालची हवा आधीच भरलेली असते. तिच्यावर ३२ पौंड दाबाने ९५ टक्के शुद्धतेचा नत्रवायू भरला, तर आतील मिश्रणात नत्रवायूचे प्रमाण साधारणतः ९० टक्क्यांपर्यंत पोचते. त्याहून पुढे जावयाचे तर टायर दोन-तीनदा रिकामा करून पुन्हा भरावा लागतो. गर्दीच्या दुकानात तेवढी उसंत कोणाला असते? आणि एक गंमत पाहा. साध्या हवेच्या टायरमधून प्राणवायूच अधिक वेगाने निघून जातो, आणि आपण वरचेवर हवा भरीत राहिलो तर आत नत्रवायूचे प्रमाण आपोआप थोडे वाढत जाते. निसर्ग हे काम फुकटात, जरा संथपणे, करीतच असतो.

मग नत्रवायूची ही कीर्ती पसरली कोठून? तिचे एक मूळ आकाशात आहे. वाराणसीजवळ बाबतपूरच्या लालबहादूर शास्त्री विमानतळावर उतरणाऱ्या मोठ्या प्रवासी विमानांच्या चाकांत नत्रवायूच भरलेला असतो, आणि त्यामागे मोठी दुःखद कथा आहे. ३१ मार्च १९८६ रोजी मेक्सिको सिटीहून निघालेल्या मेक्सिकाना कंपनीच्या बोइंग ७२७ विमानात, तापलेल्या ब्रेकमुळे हवेने भरलेला टायर उड्डाणानंतर फुटला. त्याने इंधनाच्या व इतर नळ्या तुटल्या, आग लागली आणि विमानातील सर्व १६७ माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर १९८७ साली अमेरिकेच्या विमान-नियामक संस्थेने मोठ्या विमानांच्या चाकांसाठी नत्रवायू आवश्यक केला. चाकातील प्राणवायू ५ टक्क्यांहून अधिक असू नये, असा तेथील दंडक आहे. विमानाच्या चाकातला दाब मोटारीच्या सहा-सात पट असतो; उतरताना ब्रेक भयंकर तापतात, आणि उंचावर बाहेरचे तापमान शून्याखाली ५० अंशांपर्यंत जाते. तेथे प्राणवायू आगीला साहाय्य करतो आणि ओलावा गोठतो. म्हणून तेथे नत्रवायू चैनीचा नसून प्राणरक्षणाचा आहे. आपली मोटार त्या अवस्थेला कधीच पोचत नाही.

आपल्या देशातही हा विषय थेट संसदेत निघाला होता. जुलै २०१९ मध्ये यमुना द्रुतगती मार्गावरील अपघातांच्या संदर्भात केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री श्री. नितीन गडकरी यांनी, टायरच्या रबरात सिलिकॉन मिसळणे व साध्या हवेऐवजी नायट्रोजन भरणे सक्तीचे करण्याचा विचार असल्याचे राज्यसभेत सांगितले. खाजगी मोटारींना नत्रवायूची सक्ती पुढे झालेली नाही. मात्र टायरचा रस्त्यावरील ओढा, ओल्या रस्त्यावरील पकड आणि आवाज यांसंबंधीची मानके २०२२ च्या अधिसूचनेने लागू करण्यात आली. लांब, सरळ, सिमेंटच्या रस्त्यांवर टायर फुटतात ही चिंता खरी आहे. महाराष्ट्रात समृद्धी महामार्ग सुरू झाल्यावर ती आपल्याही दारात आली. परंतु टायर का फुटतो, हे समजून घेतले पाहिजे. दाब कमी असला की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला अधिक वाकते, आणि वाकण्यातून उष्णता निर्माण होते. वेग वाढला, बोजा वाढला, की ती उष्णता बाहेर पडण्यास अवसर मिळत नाही. आतील थर एकमेकांपासून सुटतात, आणि जुने किंवा जखमी रबर अखेरीस हार खाते. या साखळीत वायूचा प्रकार कोठेच निर्णायक नाही. दाब, वेग, बोजा आणि टायरचे वय, हे चार तिचे दुवे आहेत.

वायू बदलल्याने कधीच काही साधत नाही, असे मात्र समजू नये. ज्या दशाश्वमेध घाटावर आपण स्नानाला जातो, तेथेच याचे उदाहरण पाण्यावर तरंगताना दिसते. नानासाहेब पेशवे आणि अहिल्याबाई होळकर यांची आठवण सांगणाऱ्या या घाटासमोर वर्षानुवर्षे डिझेलच्या इंजिनांच्या नावा धूर ओकीत फिरत. अलीकडच्या वर्षांत त्यांतील अनेक नावांना सीएनजीची इंजिने बसविली गेली, आणि नमो घाटावर त्यासाठी तरंगते वायुकेंद्रही उभे राहिले. तेथे बदल डोळ्यांना दिसतो आणि नाकाला कळतो, कारण तेथे वायू जळतो. टायरमधला वायू जळत नाही. तो केवळ भार पेलतो. भार पेलण्यास कोणता वायू आहे यापेक्षा तो पुरेसा आहे की नाही, हेच महत्त्वाचे.

नत्रवायूचे दुष्परिणाम काय, असे कोणी विचारील, तर उत्तर असे की वायूचा काहीही नाही. मनुष्याच्या समजुतीचा मात्र होतो. “आपल्या चाकांत नायट्रोजन आहे” या भरवशावर काही जण महिनोन्‌महिने दाब पाहत नाहीत. दुसरे काही जण वाटेत दाब कमी दिसला तरी साधी हवा भरू देत नाहीत; मिश्रण झाले तर बिघडेल अशी त्यांना भीती वाटते. नायट्रोजनचे दुकान सापडेपर्यंत शंभर-दीडशे किलोमीटर मऊ चाकावर गाडी हाकली जाते. ही भीती निराधार आहे. नत्रवायूवर हवा भरली तर काहीही अपाय होत नाही. हवेतही बहुतांश तोच वायू आहे. कमी दाबाच्या शुद्ध नत्रवायूपेक्षा पुऱ्या दाबाची साधी हवा शतपटीने सुरक्षित, हे वाक्य प्रत्येक वाहनचालकाने मनाशी बाळगावे.

आता करावयाचे काय, ते थोडक्यात सांगतो. दाब मोजण्याचे एक छोटे मापक विकत घ्यावे आणि गाडीतच ठेवावे. प्रवासाच्या दिवशी सकाळी, गाडी हलविण्यापूर्वी, चारही चाके थंड असताना दाब पाहावा. किती ठेवावा हे चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर किंवा माहितीपुस्तकात लिहिलेले असते. तेथे पूर्ण बोजासाठी बहुधा निराळा, अधिक आकडा दिलेला असतो, आणि काशीयात्रेला तोच लागू पडतो. दुपारी चाके तापल्यावर मापक अधिक दाखवील, तेव्हा घाबरून हवा सोडू नये. सोडलीत तर दुसऱ्या पहाटे चाक मऊ पडलेले आढळेल. स्टेपनीला विसरू नये. ती वर्षभर अंधारात पडून असते आणि गरजेच्या वेळी तिचीच हवा गेलेली निघते. टायरच्या बाजूवर चार अंकी आकडा असतो. त्यातील पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. पाच वर्षे उलटल्यावर जाणकाराकडून दरवर्षी टायर तपासून घ्यावा. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरवर आली की टायर संपला असे समजावे. नव्या गाड्यांत दाब उतरल्याचा इशारा देणारा दिवा असतो, पण दाब बराच उतरल्यावरच तो लागेल असे समजून चालावे; त्याच्यावर सर्व भार टाकू नये.

काशीत मुक्काम आटोपला की परतीच्या सकाळी, सामान भरण्याच्या घाईत, पाच मिनिटे राखून ठेवावीत आणि पुन्हा मोजावे. ही पाच मिनिटे घरातील थोरल्या मुलाकडे किंवा मुलीकडे सोपविली तर उत्तमच. त्यांना शाळेतला वायूंचा नियम चाकात जिवंत दिसेल, आणि घरातील एक जबाबदारीही त्यांच्या अंगवळणी पडेल.

तात्पर्य, नत्रवायू भरणे हा फसवणुकीचा व्यवहार नाही, आणि चमत्कारही नाही. ज्याला महिन्याच्या महिन्याला दाब पाहणे खरोखरच जमत नाही, त्याला थोडा लाभ आहे. नवीन टायर घेताना कोणी विनामूल्य भरून देत असेल तर अवश्य घ्यावा. परंतु पैसे मोजून, मुद्दाम दुकान शोधून तो भरण्याचे कारण सामान्य कुटुंबाला नाही. ते पैसे मापकाकडे वळवावेत, आणि उरलेच तर एक झिजलेला टायर वेळीच बदलण्याच्या खर्चाला जोडावेत. व्हॉल्व्हवरची टोपी हिरवी आहे की काळी, हे रस्ता विचारीत नाही. चाकात भार पेलण्याइतका दाब आहे की नाही, एवढेच तो विचारतो, आणि त्याचे उत्तर आपल्याजवळ निघण्यापूर्वीच असले पाहिजे.